गोवें घेणारा अल्बुकर्क

आपल्या परभणी जिल्ह्यांतील एखाद्या आठवड्याच्या बाजारांत कोणी उपदेशक चार शब्द सांगावयास उभा राहिला, म्हणजे गर्दींतून कोणी तरी हमखास विचारतो कीं, हा तुमचा धर्म फिरंग्यांच्या जहाजांतूनच आला ना? विचारणारा बहुधा गंमतीनें विचारतो. पण उत्तर देणारा कित्येकदां गोंधळतो. नाहीं म्हणावें तर इतिहास पुरता ठाऊक नसतो, आणि होय म्हणावयास मन घेत नाहीं. यास्तव त्या जहाजांतून जे लोक खरोखर आले, त्यांतील सर्वांत पराक्रमी माणसाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ती सर्वच गोड नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें.

आफोन्सो द अल्बुकर्क याचा जन्म सुमारें १४५३ सालीं पोर्तुगाल देशांत लिस्बन शहराजवळ आल्हान्द्रा या गांवीं झाला. घराणें कुलीन असून राजघराण्याशीं त्याचें दूरचें नातें होतें. लहानपण राजदरबारांत गेलें. तेथें तो लॅटिन भाषा व गणित शिकला. तरुणपणीं उत्तर आफ्रिकेंत मुसलमानांशीं ज्या लढाया चालल्या होत्या, त्यांत तो वर्षानुवर्षें लढला. १४७१ सालीं आर्झिला हें शहर पोर्तुगीजांनीं घेतलें, त्या स्वारींत तो होता. पुढें तो राजाच्या अश्वशाळेचा मुख्य अधिकारी झाला. त्यानें लग्न केलें नाहीं. परंतु त्यास एक मुलगा होता, आणि बापाचीं पत्रें जमवून त्याचा वृत्तांत १५५७ सालीं याच मुलानें छापून प्रसिद्ध केला. अल्बुकर्क हिंदुस्थानांत प्रथम आला तेव्हां त्याचें वय पन्नासाच्या घरांत होतें. ज्या वयांत आपल्याकडे लोक शेताचा कारभार मुलाच्या हातीं सोंपवून ओट्यावर बसतात, त्या वयांत या माणसाचें खरें आयुष्य सुरू झालें.

पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोंकास असलेला, त्या काळीं सुमारें दहा लाख वस्तीचा गरीब देश. १४१५ सालीं या लोकांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सिउटा हें शहर घेतलें, आणि तेव्हांपासून त्यांचीं जहाजें आफ्रिकेच्या कडेकडेनें दक्षिणेस सरकत राहिलीं. १४८८ सालीं तीं आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून आलीं, आणि १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतला पोंचला. हा एवढा खटाटोप कशासाठीं? शाळेच्या पुस्तकांत बहुधा असें असतें कीं, तुर्कांनीं १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल घेऊन हिंदुस्थानची वाट बंद केली, म्हणून युरोपचे लोक समुद्रावर निघाले. हें पुरतें खरें नाहीं. सिउटा त्याच्या अडतीस वर्षें आधींच घेतलें होतें, आणि मलबारचें मिरें त्यानंतरही मिसर देशांतून व्हेनिसला जातच होतें. वाट बंद नव्हती, महाग होती. कालिकतला घेतलेलें मिरें अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रांत जाई, तेथून उंटांवरून कैरो शहरीं, मग नाईल नदीनें अलेक्झांड्रियास, आणि तेथें व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडे. दर नाक्यावर जकात आणि दर हातास नफा. आपल्या भागांतील शेतकरी कापूस विकतो तेव्हां अडत्या आणि दलाल यांच्या हातून जातां जातां भावाचें काय होतें हें त्यास सांगावयास नको. हे मधले हात तोडावे आणि मिरें जेथें पिकतें तेथेंच जाऊन घ्यावें, असा पोर्तुगालच्या राजाचा बेत होता.

पण केवळ मिऱ्यासाठींच ते आले असें म्हणणें म्हणजेही अर्धें सत्य होय. युरोपांत शेंकडों वर्षें अशी समजूत होती कीं, मुसलमानांच्या मुलखापलीकडे पूर्वेस प्रेस्टर जॉन नांवाचा एक बलाढ्य ख्रिस्ती राजा राहतो. त्याची भेट व्हावी आणि दोघांनीं मिळून मुसलमानी सत्तेस दोन्ही बाजूंनीं दाबावें, अशी पोर्तुगीजांस मोठी आशा होती. शिवाय आफ्रिकेंतील सोनें होतें, आणि सांगावयास लाज वाटते, परंतु आफ्रिकेंतील माणसेंही होतीं. १४४४ सालीं पोर्तुगालच्या लागोस बंदरांत धरून आणलेल्या हबशी लोकांचा मोठा तांडा उतरवून गुलाम म्हणून वाटून दिला गेला, आणि पोपानें या स्वाऱ्यांस आपल्या लेखांनीं आशीर्वाद दिला. लोभ आणि भक्ति एकाच शिडाच्या वाऱ्यावर चालत होतीं, आणि त्या शिडावर तांबडा क्रूस रंगविलेला असे. अल्बुकर्कच्या मनांतही हीं दोन्ही होतीं, आणि तीं एकमेकांपासून वेगळीं आहेत असें त्यास कधीं वाटलें असेल असें त्याच्या पत्रांवरून दिसत नाहीं.

१५०३ सालीं तो पहिल्यानें आला, कोचीन येथें किल्ला बांधण्याच्या कामीं होता, आणि कोल्लम येथें त्यानें व्यापाराचा तह केला. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. त्या कोल्लमास ख्रिस्ती लोक आधींच राहत होते. थोमा प्रेषिताच्या नांवानें ओळखले जाणारे हे मलबारी ख्रिस्ती शेंकडों वर्षांपासून तेथें नांदत असून, त्यांच्या मंदिरास स्थानिक अधिपतीनें दिलेलीं दानाचीं ताम्रपत्रें इसवी सन ८४९ मधलीं आहेत. म्हणजे अल्बुकर्कचें जहाज येण्यापूर्वीं साडेसहाशें वर्षें! ज्या बाजारांतल्या प्रश्नापासून आपण आरंभ केला, त्याचें एक उत्तर या ताम्रपत्रांत आहे. तेही लोक समुद्रावरूनच आले असतील. परंतु त्यांच्याबरोबर तोफा नव्हत्या.

पुढें १५०६ सालीं अल्बुकर्क दुसऱ्यांदां निघाला, तो परत स्वदेशीं गेलाच नाहीं. आधीं त्यानें अरबस्थानच्या किनाऱ्यावरील बंदरें धाकानें घेतलीं. जेथें विरोध झाला तेथें शहर जाळलें आणि कैद्यांचीं नाकें व कान कापून त्यांस सोडून दिलें. १५०७ सालीं त्यानें इराणच्या आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मुझ बेट नमविलें. पण तेथें किल्ला बांधण्याचें काम चालू असतांच त्याचे कांहीं कप्तान त्यास सोडून निघून गेले. आम्ही लुटीसाठीं आलों, दगड वाहावयास नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. हाताखालच्या माणसांशीं त्याचें कधींच नीट जमलें नाहीं. तो फार कडक, शीघ्रकोपी आणि स्वतःविषयीं पूर्ण निर्लोभी होता. आणि असा अधिकारी लोभी माणसांस सोसत नाहीं.

तो १५०८ च्या अखेरीस मलबारांत आला तेव्हां आपल्या मराठी किनाऱ्यावर भयंकर प्रकार घडत होता. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत चेऊलच्या खाडींत मिसर व गुजराथ यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांस गांठलें, आणि व्हाइसरॉय आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो तेथें मारला गेला. हें चेऊल बंदर अहमदनगरच्या निजामशाहीचें. आणि त्या निजामशहांचे पूर्वज आपल्या पाथरीचे कुलकर्णी ब्राह्मण होते, असें फिरिस्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्याच नात्याच्या ओढीनें बुऱ्हाण निजामशहानें पुढें १५१८ सालीं पाथरी इमादशहाकडून जिंकून घेतली, आणि त्याच्याच परवानगीनें १५२१ पासून पोर्तुगीजांनीं चेऊलजवळ आपला किल्ला बांधला. म्हणजे समुद्र आपणांस दिसत नसला तरी त्याच्या लाटा गोदावरीकांठापर्यंत लागत होत्या. असो. मुलाच्या मृत्यूचा सूड म्हणून आल्मेदानें १५०८ च्या डिसेंबर महिन्याच्या शेवटीं दाभोळ शहरावर घाला घातला. दाभोळ विजापूरकरांचें, लोरेन्सोच्या मृत्यूशीं तेथील बायकामुलांचा कांहींएक संबंध नव्हता. तरी स्त्री, पुरुष, मूल असा भेद न करितां कत्तल झाली आणि शहर जाळून टाकलें.

अल्बुकर्कनें राजाची सनद दाखवून अधिकार मागितला, तेव्हां आल्मेदानें तो देण्याचें नाकारिलें आणि पुढें त्यास कण्णनूरच्या किल्ल्यांत अटकेंत ठेविलें. १५०९ च्या शेवटीं पोर्तुगालहून नवें आरमार आलें तेव्हां कोठें त्याची सुटका होऊन तो गव्हर्नर झाला. या दोघांचा वाद केवळ मानाचा नव्हता. आल्मेदाचें म्हणणें असें कीं, समुद्रावर बळ असलें म्हणजे पुरे, जमिनीवर किल्ले बांधून माणसें अडकवूं नयेत. अल्बुकर्कचें मत याच्या उलट होतें. जहाज नासतें, वादळांत सांपडतें. त्यास नांगर टाकावयास, डागडुजीस, दारूगोळ्यास आपली स्वतःची जागा पाहिजे. अशी जागा त्यास गोव्यांत सांपडली.

गोव्याचें बेट मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मध्यें आहे. बंदर खोल, जहाजें बांधणारे सुतार तेथें हजर, आणि अरबी घोड्यांचा मोठा व्यापार तेथूनच चाले. दख्खनचे सुलतान आणि विजयनगरचा राजा या सर्वांस घोडदळ पाहिजे होतें, आणि आपल्या देशांत चांगला घोडा निपजत नसे. होर्मुझहून जहाजांत भरून आलेला घोडा गोव्यास उतरून घाट चढे. ज्याच्या हातीं गोवें, त्याच्यापुढें दख्खनच्या राजांस हात पसरावा लागे. हें त्यानें अचूक ओळखलें. तरी पहिली सूचना त्याची नव्हे. होनावरचा तिमोजा नांवाचा हिंदु आरमारी सरदार त्यास भेटला आणि गोवें घ्या, तेथील हिंदु प्रजा आदिलशाही अंमलास कंटाळली आहे, असें त्यानें सुचविलें. १७ फेब्रुवारी १५१० रोजीं सुमारें २३ जहाजांचा काफिला घेऊन अल्बुकर्क जवळजवळ लढाईवांचून शहरांत शिरला.

तें सुख तीन महिने टिकलें. मे महिन्यांत विजापूरचें मोठें सैन्य बेटावर उतरलें आणि महिन्याच्या अखेरीस पोर्तुगीजांस जहाजांवर पळावें लागलें. पण जाणार कोठें? पावसाळा लागून नदीच्या मुखाशीं समुद्र खवळलेला. बाहेर पडणें अशक्य. जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट ते मांडवी नदींत अडकून पडले. दोन्ही तीरांवरून तोफा चालत होत्या. अन्न संपलें, उंदीर धरून खाल्ले, पेट्यांवरचें कातडें उकळून खाल्लें. त्याच्या मुलाच्या वृत्तांतांत अशी गोष्ट आहे कीं, आदिलशहाकडून अन्नानें भरलेली होडी आली, तेव्हां अल्बुकर्कनें आजाऱ्यांसाठीं राखून ठेविलेलें द्राक्षारसाचें पिंप आणि उरलीसुरली बिस्किटें समोर मांडून आमच्याकडे भरपूर आहे असें दाखविलें आणि ती होडी परत पाठविली.

याच उपासमारींत दुसरा एक प्रसंग घडला. शहरांतून आणलेल्या कांहीं मुसलमान स्त्रिया एका जहाजावर ठेविल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी जाऊं नये असा अल्बुकर्कचा सक्त हुकूम होता. रुई दियास नांवाचा एक तरुण सरदार रात्रीं तेथें जातो असें उघडकीस आलें. अल्बुकर्कनें त्यास फांशीची शिक्षा दिली. कप्तान बिथरले, कित्येकांनीं दोर कापण्याचा प्रयत्न केला. पण त्यानें त्यांसच बेड्या घातल्या आणि शिक्षा अंमलांत आणली. दुर्बळ स्त्रियांच्या रक्षणासाठीं स्वतःचीं माणसें दुखविणारा हा पुरुष पाहून वाचकांच्या मनांत आदर उत्पन्न होईल. तो तेवढ्यापुरता योग्यच आहे.

कारण पुढची हकीकत अशी आहे. ऑगस्टांत तो निसटला, पोर्तुगालहून आलेलीं नवीं जहाजें मिळवून सुमारें १५०० पोर्तुगीजांनिशीं परतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजीं गोव्यावर चढाई करून तें एका दिवसांत घेतलें. त्यानंतर चार दिवस त्याच्या हुकुमानें शहरांतील मुसलमान शोधून शोधून मारण्यांत आले. पुरुष, स्त्रिया, मुलें, कोणाचीही गय झाली नाहीं. मशिदींत लोकांस कोंडून त्यांस आग लावली. शेतकरी आणि ब्राह्मण यांस मात्र हात लावूं नये असें त्यानें सांगितलें होतें. ही माहिती त्याच्या शत्रूची नव्हे. त्यानें स्वतःच २२ डिसेंबर रोजीं राजास पत्र लिहून मेलेल्यांची संख्या सुमारें ६००० कळविली, आणि देवानें दिलेल्या या यशाबद्दल आनंद मानिला. त्या पत्रांत पश्चात्तापाची छटा शोधूनही सांपडत नाहीं. तो काळच तसा होता असें म्हणून कित्येक लेखक हा भाग पुढें ढकलतात. आम्हांस तसें करवत नाहीं. दाभोळास जें झालें तें बापाच्या दुःखानें झालें असें तरी म्हणतां येईल. गोव्यास जें झालें तें थंड डोक्यानें, आणि प्रभूच्या नांवानें झालें.

मग त्यानें राज्य बसविलें, आणि तें चांगलें बसविलें. गांवोगांवचे जुने गांवकर आणि त्यांची वहिवाट त्यानें मोडली नाहीं. गोव्याचें नाणें पाडलें. हिंदूंच्या देवळांस उपद्रव दिला नाहीं, कोणास बळानें बाटविलें नाहीं. परंतु नवऱ्याच्या चितेवर स्त्रीस जाळण्याची चाल त्यानें आपल्या हद्दींत बंद केली. इंग्रज सरकारास तेंच करावयास १८२९ साल उजाडलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या या हुकुमाचें महत्त्व कळतें. समुद्रावर फिरणाऱ्या गलबतांनीं पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, नाहीं तर माल जप्त, ही रीतही त्याच्या कारकीर्दींत दृढ झाली. मक्केची यात्रा असो कीं तांदळाची खेप, फिरंग्याचा कागद पाहिजे.

पोर्तुगाल लहान, माणसें थोडीं. म्हणून आपल्या शिपायांनीं येथेंच घर करावें यासाठीं त्यानें त्यांचीं लग्नें येथील स्त्रियांशीं लावून दिलीं. त्यांतील पुष्कळ स्त्रिया नोव्हेंबरांत मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या विधवा आणि मुली होत्या. आधीं बाप्तिस्मा, मग लग्न, मग घर आणि जमीन. आपल्या मंडळ्यांतील उपदेशक एकेका उमेदवारास महिनोन्महिने शिकवितात, त्याच्या घरीं जातात, त्याचें मन खरोखर वळलें आहे कीं नाहीं हें पाहतात. ज्या बाईचा बाप गेल्या पंधरवड्यांत मारला गेला, तिला त्या पाण्याचा अर्थ कोणी आणि कसा सांगितला असेल? इतिहासानें त्या स्त्रियांपैकीं बहुतेकींचीं नांवेंही ठेविलीं नाहींत. परंतु गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकीं कित्येकांच्या मूळ आया त्याच होत.

१५११ सालीं तो पूर्वेस गेला आणि मलाक्का घेतलें. लवंग आणि जायफळ यांची वाट तेथून जात असे. तेथील किल्ला त्यानें मशिदी आणि राजांच्या कबरी यांच्या दगडांनीं बांधला. परत येतांना त्याचें जहाज सुमात्रा बेटाजवळ फुटून सगळी लूट समुद्रांत गेली. तो स्वतः तराफ्यावर वांचला. १५१२ सालीं हबशी देशाच्या ख्रिस्ती राजघराण्याचा वकील मॅथ्यू गोव्यास आला, तेव्हां अल्बुकर्कनें मिरवणूक काढून त्याचें स्वागत केलें. प्रेस्टर जॉन सांपडला असें त्यास वाटलें. तांबडा समुद्र हाच मिऱ्याच्या व्यापाराचा गळा, तो आवळला म्हणजे मिसर आणि मक्का दोन्ही हातीं येतील, हा त्याचा विचार. हबशी राजाच्या साहाय्यानें डोंगर फोडून नाईल नदीचें पाणी दुसरीकडे वळवावें आणि मिसर देश सुकवून टाकावा, यासाठीं मदैरा बेटावरील खडक फोडून पाट काढणारे कारागीर पाठवावे, असें त्यानें राजास कळविलें! मदीनेवर छापा घालून पैगंबराचे अवशेष आणावे आणि त्यांच्या मोबदल्यांत यरुशलेम मागावें, असाही बेत त्याच्या मुलाच्या वृत्तांतांत आढळतो. यरुशलेम तलवारीनें कीं अदलाबदलीनें मिळवावें याचा त्यानें पुष्कळ विचार केला. तें मिळवून काय करावयाचें याचा विचार केलेला दिसत नाहीं. १५१३ सालीं एडनच्या तटावर चढतांना माणसांच्या भारानें शिड्या मोडल्या आणि स्वारी फसली. गुजराथच्या सुलतानाकडे त्यानें दीव मागितलें, तर सुलतानानें दीव न देतां एक गेंडा नजर केला. तो बिचारा गेंडा १५१५ सालीं लिस्बनला पोंचला, आणि पुढें पोपाकडे पाठवितांना इटालीच्या किनाऱ्याजवळ बुडून मेला.

त्याच १५१५ सालीं अल्बुकर्कनें होर्मुझ पुन्हां पुरतें ताब्यांत घेतलें. पण हगवणीनें तो खंगला आणि गोव्याकडे परत निघाला. वाटेंत एका गलबतानें बातमी दिली कीं, राजानें त्यास काढून लोपो सुआरिश यास गव्हर्नर नेमलें आहे. हा त्याचा वैरी. एवढेंच नव्हे, तर ज्यांस त्यानें अपराधी म्हणून बेड्या घालून स्वदेशीं पाठविलें होतें, तेच आतां मोठ्या हुद्द्यांवर परत येत होते. राजाच्या कामासाठीं लोकांचें वैर पत्करलें आणि त्याच लोकांनीं राजाचें मन फिरविलें, असा खेद त्यानें केला. मग त्यानें राजास शेवटचें पत्र लिहिलें आणि त्यांत आपल्या मुलास सांभाळावें एवढी विनंती केली. १६ डिसेंबर १५१५ रोजीं पहांटे, गोवें समोर दिसत असतां, जहाजावरच त्याचा प्राण गेला. इकडे राजास मिसरच्या आरमाराची भीति वाटूं लागून, अल्बुकर्कनेंच हिंदुस्थानांत राहून अधिकार चालवावा असें त्यानें १५१६ च्या मार्च महिन्यांत लिहिलें. तें पत्र निघण्यापूर्वींच तो कबरेंत होता.

त्यानें स्वतः गोव्यांत बांधविलेल्या लहानशा मंदिरांत त्यास पुरलें. पुढचे गव्हर्नर इतके लोभी निघाले कीं, गोव्याचे हिंदु आणि मुसलमान आपलीं गाऱ्हाणीं घेऊन अल्बुकर्कच्या थडग्याशीं येत, फुलें वाहत, तेल घालीत आणि न्याय मागत, असें सांगतात. ज्यानें त्यांच्याच शहरांत सहा हजार लोक मारले, त्याच्याजवळ! १५४० सालीं बेटावरील देवळें पाडण्यांत आलीं, आणि १५६० सालीं धर्माच्या नांवानें छळ करणारें इन्क्विझिशनचें न्यायालय गोव्यांत बसलें. त्यानंतर सहा वर्षांनीं, १५६६ सालीं, अल्बुकर्कच्या अस्थि थडग्यांतून काढून जहाजावर चढविल्या आणि लिस्बनला नेल्या.